"350 ला बसतोच" म्हणून गळ्यात मारलेला मॅनिफोल्ड

जुन्या शेव्हीसाठी, म्हणजे शेव्हरोलेसाठी, वापरलेला इन्टेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालचा, सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटून देणारा ओतीव भाग) घ्यायला गेलं की विकणारा पहिल्यांदा विचारतो, "इंजिन कुठलं?" आपण "350" (घनइंचांचं व्ही-8) म्हटलं की त्याचं उत्तर तयार असतं: "मग डोळे झाकून घ्या, बसतोच." गोम इथेच आहे. मॅनिफोल्ड बोल्टने आवळला जातो तो हेडला (सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणाला, दोन्ही बाजूंना एकेक), आणि 350 या एकाच आकड्याखाली जनरल मोटर्सची तीन तऱ्हेची हेड फिरतायत.

1955 ते 1986 च्या बिडाच्या हेडवर मॅनिफोल्डचे 12 बोल्ट, सगळे फेसला (जोडणीच्या सपाट पृष्ठभागाला) काटकोनात. 1987 ते 1995 च्या बिडाच्या हेडवरही 12च, पण दोन्ही बाजूंचे मधले दोन-दोन, म्हणजे एकूण चार, 72 अंशांत तिरके. 1996 पासूनच्या व्होर्टेक हेडवर फक्त 8, आणि तेही उभे. व्होर्टेकचा घोळ भोकं मोजली की उघडा पडतो. मधल्या पिढीचा पडत नाही, म्हणून नको असलेला जुना माल तिथेच खपवला जातो. आपल्या इंजिनावर कुठली हेड आहेत ते बॉनेट उघडून दोन मिनिटांत कळतं: व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कडेला असतील तर जुनी, मधल्या रेषेत असतील तर 1987 पासूनची.

ही हकिकत अमेरिकेतल्या एका सौद्याची. गाडी 1970 ची शेव्ही शेव्हेल. तिचं मूळ इंजिन आधीच्या मालकाने काढून नव्वदच्या दशकातल्या पिकअपचं 350 बसवलेलं. मॅनिफोल्ड एडेलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर, 2101 नंबरचा. हा नंबर जुन्या हेडचा. मधल्या पिढीला 2104 लागतो, व्होर्टेकला 2116. नंबर मॅनिफोल्डवरच ओतलेला असतो, आणि जाहिरातीत नेमका तोच लिहिलेला नव्हता. फोटो तीन, तिन्ही वरून काढलेले. माल चांदीसारखा चकचकीत. पैसे पेपॅलच्या "फ्रेंड्स अँड फॅमिली"मधून मागितले. त्या वाटेने दिलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

पार्सल आलं तेव्हा मधली चार भोकं गोल नव्हती. कुणीतरी कानस मारून ती लांबट केली होती आणि फोटोत त्यावर जाड वॉशर ठेवले होते. म्हणजे हाच मॅनिफोल्ड आधीही चुकीच्या हेडवर चढून आला होता. लांबट भोकातून तिरका बोल्ट जातो, आट्यांतही धरतो, पण त्याचं डोकं एकाच कडेवर टेकतं. पान्हा 25 फूट-पाउंड दाखवतो आणि गॅस्केटवर दाब मात्र एकसारखा येत नाही. वॉशर वाकतो, गॅस्केट मधल्या भागात सैल राहतं, आणि पोर्टची (हवा-पेट्रोलच्या वाटेची) खालची कड व्हॅलीतली (दोन हेडमधल्या पोकळीतली) तेलाची वाफ ओढायला लागते.

ही गळती ओळखणं अवघड, कारण सगळे बाहेरून कार्ब क्लीनर मारून बघतात. बाहेरची कड कोरडी आणि घट्ट असते. आयडल बदलत नाही, मग संशय कार्ब्युरेटरवर जातो आणि बिचाऱ्या चांगल्या कार्ब्युरेटरचे जेट बदलले जातात. खरी चाचणी वेगळी आहे. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी) नळी काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा, ब्रीदर (पोटात हवा घेणारं तोंड) बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात धरा. धड इंजिनात तिथे हळूहळू दाब वाढतो. हात आत ओढला गेला, तर मॅनिफोल्ड खालून श्वास घेतोय. जोडीला सायलेन्सरमधून निळा धूर आणि तेलकट प्लग.

पण खरा दणका नंतरचा. बऱ्याच मॅनिफोल्डच्या पोटाला, एक्झॉस्ट क्रॉसओव्हरच्या (जळक्या वायूच्या तापलेल्या वाटेच्या) खाली, तेल जळू नये म्हणून एक पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. जुना माल चमकवायला काचेच्या मण्यांचा मारा करतात आणि ते मणी या पत्र्यामागे जळक्या तेलाच्या खरपुडीत अडकून बसतात. धुऊन निघत नाहीत. इंजिन तापलं, उडणारं तेल तिथे पोचलं, की सुटतात आणि थेट ऑइल पॅनमध्ये जातात. ऑइल पंप फिल्टरच्या आधी असल्यामुळे पहिला ओरखडा पंपाला. थंड इंजिन सुरू करताना फिल्टरचा बायपास उघडतो, तेव्हा उरलेले मणी बेअरिंगपर्यंत. या गाडीत आधी तेलाचा दाब उतरला, मग फिल्टर कापून पाहिला, तर कागदाच्या घड्यांत साखरेसारखी कचकच. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: बसवलेला माल परत घेत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी फोटो मागायचे ते पोटाचे, दोन्ही फेसचे, वॉशर काढलेल्या भोकांचे आणि ओतीव नंबरचे. पाण्याच्या वाटांभोवतीचा फेस जवळून बघा. कूलंटने खाल्लेला ॲल्युमिनियम एपॉक्सीने, आपल्याकडच्या एमसीलच्या थाटात, भरून वरून रंग मारलेला असतो; नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडलं की निघतो. फेसवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज सरकवा. कुणी मिलिंग करून फेस उतरवला असेल तर मॅनिफोल्ड खाली बसतो आणि भोकं जुळेनाशी होतात. माल समोर असेल तर कोरडाच हेडवर ठेवून सगळे बोल्ट हाताने फिरवून बघा.

फोर्डवाल्यांनीही हसू नये: 302 चा मॅनिफोल्ड 351 विंडसरला बसत नाही, त्याचा ब्लॉक सुमारे 1.3 इंच उंच असल्याने हेडमधलं अंतर वाढतं. आणि 1969 च्या शेव्ही कॅमारो झेड-28 चा "अस्सल" 3932472 कुणी दाखवला तर नंबराइतकंच त्यावर ओतलेल्या तारखेकडे बघा. ही तारीख गाडी बनल्याच्या नंतरची असेल तर तो मॅनिफोल्ड त्या गाडीचा नाही.

मण्यांचा मारा झालेला मॅनिफोल्ड घरात येऊन पडलाच असेल, तर पत्र्याचे रिव्हेट काढा, मागची खरपुडी खरवडा, गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने प्रत्येक वाट धुवा, हवेने फुंकून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच. पत्रा परत लावताना रिव्हेट पुन्हा ठोकू नका. भोकांत आटे पाडून छोटे स्क्रू लॉकटाइट लावून घट्ट करा, कारण सुटलेला रिव्हेट खाली लिफ्टरवर (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागावर) पडतो.