पाण्यातून हायड्रोजन: निकेलचा लेप की इरिडियमचा?

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढता येतो, हे १८०० सालीच कळलं होतं. खरी करामत आहे ती इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात वीज सोडणाऱ्या पत्र्याच्या, पृष्ठभागाची.

अल्कलाइन पद्धतीत पाण्यात पोटॅश हा अल्कली मिसळलेला असतो; तिथे पोलादाच्या इलेक्ट्रोडवर निकेल चढवतात. मला सगळ्यात आवडते ती रेनी निकेलची युक्ती. निकेल-अॅल्युमिनियमचा थर देऊन तो कॉस्टिक सोड्यात बुडवायचा. अॅल्युमिनियम फसफसत विरघळतं आणि मागे उरतं काळपट, स्पंजासारखं निकेल. बाहेरून तेवढाच दिसणारा पत्रा आतून असंख्य छिद्रांचा होतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खूप वाढतो आणि कमी व्होल्टेजवर काम भागतं. ही कल्पना मरे रेनी यांची, १९२० च्या दशकातली, आणि तीही तेलाला हायड्रोजन जोडून वनस्पती तूप बनवण्यासाठीची!

पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) पद्धतीत पोटॅशच्या द्रावणाऐवजी प्रोटॉन पलीकडे नेणारा, आम्लधर्मी पातळ पडदा असतो. यंत्र आटोपशीर, आणि सौरऊर्जेसारखी कमीजास्त होणारी वीजही सहज पेलतं. पण ऑक्सिजनच्या बाजूला आम्ल इतकं जहाल की निकेल टिकतच नाही. तिथे इरिडियम लागतं, जे प्लॅटिनमहूनही दुर्मीळ.

जागेची अडचण असेल तर पीईएम घ्यावं. मोठ्या, सलग चालणाऱ्या कारखान्यासाठी मात्र मी निकेलच निवडेन.