गुलमर्गला स्कीइंग: बॅटरीचे मोजे घ्यावेत की साधे मेरिनो?

रत्नागिरी-मालवणकडच्या घरात मोजे म्हणजे सुती, शाळेच्या नाहीतर ऑफिसच्या बुटांचे. गुलमर्गच्या बॅगेत ते नकोतच. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो, आणि ओला पाय बर्फात गारठतोच. दोन जोड एकावर एक चढवले तर अजून वाईट: सुरकुत्या पडतात, बूट आवळतो, बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं. म्हणजे निवड उरते तिघांत: पातळ मेरिनो लोकरीचा मोजा, चिकटवायची उबेची पाकिटं आणि बॅटरीवर तापणारा मोजा.

पण त्याआधी बूट बघा, कारण पाय गार पडण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. भाड्याच्या दुकानात ‘जरा सैल द्या’ म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला जातो, मग पाय आत हलतो म्हणून बक्कल करकचून आवळलं जातं आणि अर्ध्या तासात बोटं बधिर. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच भिंतीला टाच टेकवून मोजून घ्या. दुकानात आतलं मऊ लायनर काढून रिकाम्या कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकलेली असताना टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. लायनरच्या टोकाशी हात घालून बघा. आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ते ओलसर असेल, तर दुसरा जोड मागा. थर्मल पायजमा बुटाच्या वरच संपवा, आत फक्त मोजा.

एवढं जमलं, तर पहिल्यांदा शिकायला जाणाऱ्याला मेरिनो पुरतो, असं आमचं स्पष्ट मत. शिकाऊ माणूस सतत पडत-उठत, चढण चढत असतो. पाय स्वतःच तापतात आणि मोजा ती ऊब धरतो. गुडघ्याखालपर्यंत उंच घ्या. हजार-दोन हजारांत चांगला मिळतो. दोन जोड न्या, रोज सुकलेला घाला.

उबेची पाकिटं स्वस्त, पण स्की बुटात बऱ्याचदा फसतात. आतली लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनने तापते आणि बंद प्लॅस्टिकच्या कवचात हवाच कमी. शिवाय त्यांच्या जाडीने बोटं दाबली जातात. वापरायचीच तर पातळ, बोटांसाठीची घ्या, उघडून थोडा वेळ हवेत तापू द्या, मग मोज्यावर बोटांच्या वरच्या बाजूला चिकटवा. कातडीवर थेट लावू नका.

बॅटरीचा मोजा कामाला येतो तो गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराकडे, म्हणजे ३९०० मीटरच्या वर जाणाऱ्यांना, रांगेत थांबावं लागणाऱ्यांना आणि ज्यांची बोटं गारठ्यात पांढरी पडतात त्यांना. लेन्झ किंवा थर्मिकसारख्या कंपन्यांचा बॅटरीसह जोड पंचवीस हजारांच्या पुढे सहज जातो. एका सहलीसाठी एवढा खर्च कशाला? स्वस्तातले घेताना बॅटरीचं गणित करा. ७.४ व्होल्ट, २२०० एमएएच म्हणजे साधारण १६ वॉट-तास. पायाला ५ वॉट लागले तर तीन तास, आणि थंडीत त्याहून कमी. म्हणून मोज्याची उष्णता फुल्लवर ठेवू नका. सकाळी पाय गरम असतानाच सगळ्यात कमीवर सुरू करा, पाळण्यात बसल्यावर वाढवा. एकदा सुन्न झालेला पाय हा मोजा लवकर वर आणत नाही.

घालताना तापणारा भाग नेमका बोटांवर बसवा. एक नंबर मोठा मोजा घेतला की तार सरकते आणि घडी टोचते. बॅटरी दोन टिचबटणांवर बसते, वरून काठ दुमडायचा. ती बुटाच्या कडेच्या वर, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला यायला हवी. वरच्या बक्कलाखाली सापडली तर दिवसभर नडगी सोलते. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी खोलीत तासभर ठेवा.

मोपा किंवा मुंबईहून विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत न्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर तापणारा मोजा नकोच. चटका बसतोय हे कळतच नाही.

आणि आपल्याकडचा पावसाळा. खाऱ्या दमट हवेत टिचबटणांवर हिरवट थर चढतो आणि पुढच्या वर्षी एक पाय तापतो, दुसरा नाही. परतल्यावर बॅटरी काढून मोजे हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. बटणं कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बॅटरी वेगळी, अर्धी चार्ज करून. पावसाळ्यात एकदा तपासा. मेरिनोही त्याच डब्यात जाऊ दे, नाहीतर कसर लागते.