इसबगोल की लॅक्ट्युलोज? दोन्ही घेऊन पाहिलेल्याचा कौल

पाणी पितो, पालेभाजी खातो, जेवल्यावर चालतो, तरी पोट साफ होत नाही, इथपर्यंत तुम्ही आलाच आहात असं धरून चालतो. केमिस्टकडे गेलं की मग दोन गोष्टी समोर येतात: इसबगोलाचं खोकं नाहीतर लॅक्ट्युलोजची बाटली. मी दोन्ही घेतली आहेत, दोन-दोन महिने तरी.

चूर्णं इथे धरलेली नाहीत. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. रात्री चमचा, सकाळी काम फत्ते, हे खरं. पण आतड्याला चाबूक मारून पळवण्याचा तो प्रकार, आणि पहाटेच्या कळा मला सोसत नाहीत. एखाद्या दिवशी ठीक, रोज मात्र आपल्या मनाने नको.

इसबगोल म्हणजे बियांवरचं साल. पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ, भरीव करतं. नाव फारसीतून आलंय: अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान, बी तशी दिसते म्हणून. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात ते जिऱ्याच्या शेजारी विकलं जातं. लॅक्ट्युलोज ही दुधातल्या साखरेपासून बनवलेली साखर. आपल्या लहान आतड्याला ती पचत नाही, म्हणून तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथे पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात. या ताव मारण्यातच गोम आहे, पण आधी इसबगोलाची तक्रार ऐका.

ती म्हणजे ग्लास. चमचाभर साल पाण्यात टाकलं, ढवळलं आणि तेवढ्यात फोन आला, की परत येईपर्यंत ग्लासात खळ तयार. मग ते पिता येत नाही, गिळावं लागतं. तळाशी राहिलेलं वाळलं की डिंकासारखं धरून बसतं. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात निकाल लागला: ‘‘हा ग्लास तुम्हीच घासायचा.’’ आता मी झाकणाच्या बाटलीत पाऊण ग्लास गार पाणी घेतो, साल टाकतो, चारदा हलवतो आणि एका दमात पितो. वर आणखी एक ग्लास साधं पाणी. हा दुसरा ग्लास टाळू नका. पाणी कमी पडलं तर तेच साल आत घट्ट होऊन अडकू शकतं. कोरडं तोंडात टाकून वर पाणी पिणाऱ्यांनी तर ते ताबडतोब थांबवावं, घशात फुगलं तर जिवावर बेतेल.

वेळेचंही एक आहे. निजताना दुधातून घ्यायची आपल्याकडे रीत, पण घेऊन लगेच आडवं होऊ नये असं पाकिटावरच्या सूचना सांगतात. माझी अडचण साधी होती: दोन ग्लास पाणी पिऊन झोपलं की अडीच वाजता उठणं आलंच. म्हणून मी ते संध्याकाळी सातला आणलं. सकाळी थायरॉइडची गोळी असते, तिच्यापासूनही ते लांब राहतं. दुसऱ्या औषधांत आणि इसबगोलात दोनेक तासांचं अंतर हवंच. आणि पहिल्या दिवशी चमत्काराची वाट पाहू नका. मला फरक तिसऱ्या दिवशी कळला. बरेच जण दुसऱ्या दिवशीच ‘काही उपयोग नाही’ म्हणून खोकं कपाटात टाकतात.

लॅक्ट्युलोजमध्ये यातलं काहीच नाही. टोपणाने मापायचं, गिळायचं, झालं. गोडमिट्ट लागतं, बाटलीचं तोंड चिकट होतं आणि मुंग्यांना पत्ता लगेच सापडतो, पण हे काही कारण नव्हे. कामही चोख करतं. मला दुसऱ्याच दिवशी आराम पडला.

माझं बिनसलं ते गॅसवर. मी ऑडिटचं काम करतो. मार्चअखेर म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसातली आठ बाय दहाची खोली, एक टेबल, तीन माणसं, एसी चालू म्हणून काचा बंद. आतले जीवाणू साखर खातात आणि वायू सोडतात, आणि माझ्या पोटात ते ऐन दुपारी तीनच्या सुमाराला कामाला लागायचे. आधी गुडगुड. शेजारचा आर्टिकल क्लार्क, म्हणजे सीएचा शिकाऊ उमेदवार, मान खाली घालून व्हाउचर चाळायचा, एकच व्हाउचर तीनदा. मग गुबारा धरायचा आणि मी फोन आल्याचं नाटक करून जिन्यात. एका दुपारी चार वेळा जिन्यात गेलो, तेव्हा क्लायंटने काळजीने विचारलं, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’ त्या रात्री बाटली बंद. डोस कमी करून हळूहळू वाढवला तर त्रास ओसरतो असं आमचे डॉक्टर म्हणाले, आणि बहुतेकांचा ओसरतही असेल. माझ्यात तेवढा धीर नव्हता. इसबगोलाचं साल जीवाणूंना फारसं खाता येत नाही, त्यामुळे तिथे गॅस बराच कमी. माझा जिना तरी सुटला.

तरी सगळ्यांना हेच सांगणार नाही. आईला मी इसबगोल देत नाही. ती दिवसभरात जेमतेम चार भांडी पाणी पिते, आणि मध्यंतरी गुडघ्यासाठी तिला ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, चालू होतं. असल्या औषधाने झालेल्या बद्धकोष्ठावर इसबगोल चालवू नये, तिथे लॅक्ट्युलोजसारखंच काहीतरी लागतं. मधुमेह असेल तर बाटली घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली असेल, किंवा पोट फुगून उलट्या होतायत आणि वाराही सरत नसेल, तर यातलं काहीच घेत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. दिवसाआड जाणं हा मात्र रोग नव्हे. मळ मऊ आहे, कुंथावं लागत नाही, तर आठवड्यातून तीनदाही चालतं.

सध्या आमच्या ओट्यावर दोन्ही आहेत. आईची बाटली पाणी घातलेल्या वाटीत उभी, मुंग्यांसाठी. माझा डबा वरच्या फळीवर, आत कोरडा चमचा. परवा मुलाने ओला घातला, तर अर्धा डबा गठ्ठा होऊन बसला.