टोकियो १९६४ की टोकियो २०२०: आधी कोणते ऑलिंपिक पाहावे?

एकाच शहरात सत्तावन्न वर्षांच्या अंतराने झालेली दोन ऑलिंपिक जुन्या चित्रफितींतून पाहायची असतील आणि हाताशी मोजक्याच संध्याकाळी असतील, तर सुरुवात कोणत्यापासून करावी, हा प्रश्न मागच्या मे महिन्यात माझ्यापुढे होता. पायाला प्लास्टर असल्यामुळे मी घरी अडकलो होतो आणि सुट्टीत राहायला आलेला अकरा वर्षांचा भाचा सोबतीला होता. आम्ही दोन्ही ऑलिंपिक थोडी थोडी पाहिली आणि शेवटी एकाकडेच वळलो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

उपलब्धतेच्या बाबतीत तुलना होऊच शकत नाही. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो २०२० च्या ३३९ स्पर्धांपैकी बहुतेकांचे काही ना काही चित्रण सहज मिळते. १९६४ मध्ये स्पर्धा होत्या १६३ आणि त्यांतले आज घरबसल्या पाहता येते ते मुख्यतः सुमारे पावणेतीन तासांचा अधिकृत चित्रपट आणि काही सुटे तुकडे. त्या वर्षी भारताला मिळालेले एकमेव पदक हॉकीचे सुवर्ण होते. मोहिंदर लाल यांच्या एकमेव गोलावर आपण पाकिस्तानला हरवून १९६० च्या रोम ऑलिंपिकमधला पराभव भरून काढला होता. तो अंतिम सामना पूर्ण पाहावा म्हणून मी दोन दिवस शोधाशोध केली. मला तो कुठेही सापडला नाही. भारतीय खेळाडूंसाठीच पाहणार असाल, तर २०२० निवडणे रास्त ठरेल, आणि मराठी माणसासाठी तर त्यात बीडचा अविनाश साबळेही आहे. ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरीही तो अंतिम फेरीत पोहोचला नाही, कारण त्याच्याहून अधिक वेळ घेणारे काही जण वेगळ्या गटातून पुढे गेले. हा हिशेब भाच्याला समजावताना माझी बरीच दमछाक झाली.

हवामानाचा फरक पडद्यावरही जाणवतो. १९६४ चे आयोजन उन्हाळा आणि वादळे टाळण्यासाठी ऑक्टोबरमध्ये झाले होते, तर २०२१ मध्ये जुलै-ऑगस्टच्या उकाड्यामुळे मॅरेथॉन उत्तरेला सापोरोला हलवावी लागली. ज्या शहराच्या नावाने ऑलिंपिक, त्या शहरातून मॅरेथॉन धावलीच नाही, हे मला अजूनही थोडे विचित्र वाटते. रिकाम्या प्रेक्षागारांबद्दल मात्र इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालत नाही. उलट निप्पॉन बुडोकानमधले ज्युडोचे सामने पाहताना ती शांतता मला आवडली, कारण प्रशिक्षकांचे ओरडणे आणि खेळाडू गादीवर आपटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरवला, ती सांगायलाही क्षुल्लक वाटेल. अलीकडच्या स्पर्धांच्या चित्रफितींना जी शीर्षके दिलेली असतात, त्यांतच निकाल लिहिलेला असतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर शेजारच्या छोट्या चित्रात पदक चावणारा खेळाडू दिसतो. जर्मनीविरुद्धचा हॉकीचा कांस्यपदकाचा सामना भाच्याने आधी पाहिला नव्हता. आपण १-३ असे मागे पडलो, तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागायला हवा होता. पण खेळ सुरू होण्याआधीच ५-४ हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर आला होता, त्यामुळे शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर आणि गोलरक्षक श्रीजेशचा बचाव त्याने भेळ खात खात पाहिला. मी स्वतः तर २०२१ मधला जवळजवळ प्रत्येक निकाल तेव्हाच मोबाइलवर वाचला होता. एकदा ठरवून शीर्षकावर हात धरून पाहिले, पण समालोचक सुरुवातीलाच बोलून गेला.

१९६४ च्या बाबतीत आमचे अज्ञानच कामाला आले. दहा हजार मीटरच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा विश्वविक्रमी धावपटू रॉन क्लार्क आहे, एवढेच मला ठाऊक होते. शेवटच्या फेरीत एक फेरी मागे पडलेल्या धावपटूंच्या गर्दीतून आघाडीचे तिघे वाट काढतात, धक्के बसतात, आणि मग जे घडते ते मी येथे मुद्दाम लिहीत नाही. मॅरेथॉनचा विजेता इथिओपियाचा अबेबे बिकिला होता, हे बहुतेकांना माहीत असते. पण दुसऱ्या क्रमांकासाठी स्टेडियमच्या आत काय झाले, ते न वाचता पाहावे. ज्युडोच्या खुल्या गटातील अंतिम लढतीत यजमानांचा कामिनागा आणि नेदरलँड्सचा हेसिंक समोरासमोर येतात, आणि लढत संपताच विजेता हात उंचावून कोणाला थांबवतो, तेही चुकवू नये.

मी घड्याळ लावून काही मोजले नाही, पण २०२० पाहताना भाचा दर पाच मिनिटांनी चित्रफीत पुढे ढकलत असे आणि १९६४ पाहताना त्याने रिमोटला हात लावला नाही. पूर्ण सामने, स्वच्छ चित्र आणि नीरज चोप्राची ८७.५८ मीटरची फेक पुन्हा पुन्हा पाहण्याची सोय महत्त्वाची वाटत असेल, तर माझे ऐकू नये. तसे नसेल, तर दहा हजार मीटरपासून सुरुवात करावी, शोधताना विजेत्याचे नाव टाकू नये, आणि विजेता ठरल्यावर लगेच उठू नये, कारण सर्वांच्या मागे राहिलेला सिलोनचा (आजच्या श्रीलंकेचा) करुणानंद आपल्या उरलेल्या फेऱ्या एकटाच धावत राहतो आणि प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागतात. आमच्या घरी तेव्हा जेवणाची ताटे मांडून झाली होती आणि भाचा विचारत होता, "मामा, याच्या अजून किती राहिल्या?"