टिळकवाडीतलं फिजिओथेरपी सेंटर: करंटपेक्षा व्यायाम जास्त

माझं बेळगावात, वडगावला ब्लाऊज शिवण्याचं आणि फॉल-पिकोचं काम. उजवा खांदा असा धरला की केस बांधायला हात मागं जाईना, फळीवरचा डबा काढायला लेकीला हाक मारावी लागे आणि रात्री त्या कुशीवर झोपायचं तर नावच नको. हाडाच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, असं सांगितलं. दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे हे सेंटर आहे, तिथं जाऊ लागले.

पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. मॅडमनी आधी शुगर विचारली. मधुमेह असलेल्यांना हे दुखणं जास्त होतं म्हणे, त्यातही चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि बायकांना अधिक. कोपर कमरेला टेकवून हात बाहेर वळवायला लावला, तो वळेना. त्यांनी स्वतः धरून वळवून बघितला, तरी तिथंच अडकला. मग कोनमापकासारखी पट्टी लावून अंश लिहून ठेवले. अधूनमधून पुन्हा मोजतात. खरंच फरक पडलाय की आपल्यालाच तसं वाटतंय, ते कागदावर दिसतं.

आधी एका ठिकाणी जात होते, तिथं शेक आणि करंट दिला की झालं, चला घरी. इथंही शेक देतात, पण स्नायू सैल होण्यापुरता. कळांचा जोर होता तोवर वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळू झुलवायचा, ओढाताण अजिबात नाही. जोर ओसरल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, कप्पीची दोरी, पाठीमागून टॉवेल ओढणं. शिकाऊ पोरगी कानडी वळणाच्या मराठीत "अक्का, आणि थोडं" म्हणत डोळ्यांत पाणी आणते, पण हात सरकतो. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, हे आपोआपही सुटतं, पण एक ते तीन वर्षं लागू शकतात. घरी व्यायाम करणार नसाल तर इथं पैसे घालवू नका. गिऱ्हाईक परतवायची अशी तयारी मी आमच्या धंद्यातही बघितली नाही. केस आता माझे मीच बांधते. हात पाठीमागं वर न्यायचं अजून बाकी आहे.

शेजारी बघायला पुष्कळ मिळतं. कंपवाताचे एक आजोबा चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकायचे. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, त्या ओलांडायला सांगितलं की पाऊल उचलतं. पक्षाघात झालेले एकजण वाटीतले हरभरे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम दिलेत. झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी होईल, असं आधीच सांगितलं. त्या मात्र घरी करत नाहीत.

एका वेळचे तीनशे घेतात. व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठीत काढायला त्यांना काय जड? संध्याकाळी गर्दी असते, त्यात गेट पडलं की नंबर गेलाच, म्हणून सकाळी जावं. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटाला जिना चढवून वर बोलवायचं हे मला पटलेलं नाही. चढता येत नसेल तर खालूनच फोन करा, तिथली पोरं खुर्चीसकट वर नेतात.