शर्यतीच्या एस्टीमची एमिशन चाचणी : खानापूर रोडवरील एका केंद्राचा अनुभव

माझी २००६ सालची मारुती एस्टीम रविवारी ऑटोक्रॉसमध्ये (मैदानावर आखलेल्या मार्गावरील वेळेच्या शर्यतीत) धावते आणि सोमवारी मला उद्यमबागेत कामावर नेते. तिच्यात जास्त ओव्हरलॅपचा कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलेला आहे. मात्र आरसीवर पाच जणांची नोंद असल्यामुळे मागची सीट जागेवर आहे. अशा गाडीचे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र रीतसर मिळवणे (आम्ही बेळगावकर त्याला ‘एमिशन’ म्हणतो, कोल्हापूरकडे ‘पीयूसी’) चिकाटीचे काम आहे, आणि खानापूर रोडवरील एका छोट्या केंद्राने ते ज्या प्रामाणिकपणे केले, त्याची नोंद व्हायलाच हवी.

मागील खेपेस दुसऱ्या एका केंद्रात तपासणी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये जेमतेम बोटभर घातली गेली, बाहेरची हवा मिसळली आणि गाडी सहज पास झाली. त्या कागदाचे मला समाधान वाटले नाही, कारण आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) मागून येणारा कच्च्या पेट्रोलचा वास मलाच सहन होत नव्हता.

या केंद्रातील काकांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. “इंजिन कोमट आहे, पिरनवाडीपर्यंत जाऊन या, मग बघू,” एवढेच ते म्हणाले. परत आल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओले फडके दाबून धरले, तेव्हा मधल्या जोडापाशी फुसफुस ऐकू आली. गळक्या जोडातून हवा आत शिरली की धूर पातळ होतो आणि आकडे खोटेच चांगले येतात. म्हणून तो जोड आवळून घेईपर्यंत त्यांनी यंत्राला हात लावला नाही. मग नळी चांगली फूटभर आत गेली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.४ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ९६० पीपीएम (दहा लाख भागांत ९६०). बीएस-२ (भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या) गाडीला आयडलवर ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम एवढीच मुभा आहे. गाडी नापास झाली.

त्यानंतरची दहा मिनिटे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. एचसी म्हणजे न जळलेले इंधन. अशा कॅमशाफ्टमुळे आयडलला मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह अधिक काळ एकत्र उघडे राहतात आणि मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, तर सीओ वाढतो तो मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असल्यामुळे, हे त्यांनी रांगेतील लोकांची घाई बाजूला ठेवून समजावले. मी काढून ठेवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) परत बसवा, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तो काढायलाच नको होता, हे मला पटले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील मनमानी बदलांना मनाई करते.

आठवडाभरात मूळ कन्व्हर्टर, नवे प्लग आणि नवा ऑक्सिजन सेन्सर बसवला, आयडल ९५० आरपीएमवर आणला. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून या वेळी आधीच वीस मिनिटे गाडी चालवून गेलो. सीओ ०.२८, एचसी ३१०. पेट्रोलचा वासही गेला.

उणिवा सांगायच्या तर आवार फारच अरुंद आहे, शनिवारी रांग रस्त्यावर येते आणि प्रिंटची शाई इतकी पुसट असते की झेरॉक्सवर आकडे उमटत नाहीत. तरीही सहा महिन्यांनी मी येथेच येणार आहे, फक्त शनिवार सोडून.