कोथरूडचं स्त्रीरोग क्लिनिक: डॉक्टरबाईंना पाच स्टार, रिसेप्शनला एक

पाळी नसताना डाग दिसायचे, संबंधानंतरही थोडं रक्त जायचं, म्हणून इथे गेले. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. हवं असेल त्यांनी मेसेज करा.

आधी तक्रार. रिसेप्शनवरच्या बाई भर वेटिंग रूममध्ये खणखणीत आवाजात विचारतात, "काय त्रास होतोय?" समोर आमच्याच सोसायटीतल्या काकू बसलेल्या! डॉक्टरांनाच सांगते म्हटलं, तर म्हणे फॉर्मवर लिहावंच लागतं. "पाळीची तक्रार" एवढंच खरडलं.

डॉक्टरबाई मात्र लाखात एक. त्यांना क्लॅमिडियाची, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या एका जंतुसंसर्गाची, शंका आली. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने योनीतला नमुना, कसा घ्यायचा ते दाखवून मला बाथरूममध्ये पाठवलं, माझा मीच घेतला. नॅट तपासणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) लघवीवरही होते, पण बायकांसाठी स्वॅब जास्त भरवशाचा. रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासणीवर पैसे घालवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. कोण सांगतं हो हल्ली असं?

रिपोर्ट पॉझिटिव्ह. लग्नाला वर्षही झालेलं नाही, त्यामुळे माझा चेहरा काय झाला असेल बघा. "म्हणजे यांनी..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी तिथेच थांबवलं. हा जंतू काही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने अंगात राहतो. कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्टवरून कळत नाही. "भांडायचं ते नंतर भांडा. आधी त्यांना घेऊन या, नाहीतर औषध संपवून तुम्ही पुन्हा माझ्याकडेच याल." हे आले. त्यांच्याशी वेगळं बोलल्या, मला बाहेर बसवून. ते मला आवडलं.

प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं: संसर्ग वर चढला की गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना सूज येते, त्या बंद पडू शकतात, पुढे मूल राहायला अडचण येते किंवा गर्भ नळीतच रुजतो. मी गरोदर नाही याची खात्री करून दोघांनाही डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाईला वेगळं औषध देतात. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली जळजळतं. दुधाबरोबर नको. आमच्या आई रोज दुधाचा पेला घेऊन उभ्या, त्यांना काय सांगणार! दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद, आणि ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण एकदा होऊन गेला म्हणजे परत होत नाही असं नाही. लस नाही, कंडोम दरवेळी वापरला तर धोका बराच कमी होतो.

तपासणी स्वस्त नाही. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (अशाच संबंधांतून होणाऱ्या आजारांसाठीचं क्लिनिक) उपचार मोफत असतात. तिथे बहुतेक वेळा लक्षणं बघून औषधांचं किट देतात, त्यामुळे काहीच त्रास नसेल तर आपणहून तपासणीचं विचारायचं.

फी रोख ठेवा. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.